मोटारभाडे वजा जाता

फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजारात कांद्याच्या दहा गोण्या विकल्या. वजन भरले ५१२ किलो. भाव मिळाला किलोला एक रुपया. म्हणजे कांद्याचे झाले ५१२ रुपये. त्यातून मोटारभाडे, हमाली, तोलाई वगैरे वजा जाता शिल्लक राहिले २ रुपये ४९ पैसे. व्यापाऱ्याने दोन रुपयांचा धनादेश दिला, तोही पुढच्या तारखेचा. कांदा हलक्या प्रतीचा होता, असे व्यापाऱ्याचे म्हणणे होते. बातमी देशभर गाजली, त्या धनादेशाचे फोटो मोबाइलवर फिरले आणि सगळे दोन रुपयांबद्दल बोलले.

मला उरलेल्या ५०९ रुपयांबद्दल लिहायचे आहे. पाचशे किलो माल गावातून उचलायचा, गाडीत भरायचा, सत्तरेक किलोमीटर न्यायचा, उतरवायचा, काट्यावर चढवायचा, तिथून हलवायचा. या सगळ्याला किलोमागे रुपया लागला. हा खर्च अवाच्या सवा मुळीच नाही. कांदा वीस रुपयांनी गेला असता तर या रुपयाकडे कुणी ढुंकूनही पाहिले नसते. भाव कोसळला, खर्च जागचा हलला नाही. शेतमालाच्या वाहतुकीतली खरी गोम इथे आहे.

बाजारातून शेतकऱ्याच्या हाती परत येतो तो कागद म्हणजे पट्टी. वर मालाचे नाव, डाग (म्हणजे गोण्या किंवा क्रेट) किती, वजन किती, भाव काय. खाली खर्चाचा रकाना: मोटारभाडे, हमाली, तोलाई, भराई, वाराई, कुठे बारदाना. यात पूर्वी आडतही असायची. जुलै २०१६ मध्ये राज्यात फळे-भाजीपाल्याची आडत खरेदीदाराकडून घ्यायची असा नियम झाला, आणि निदान कागदावर तरी तो एक आकडा शेतकऱ्याच्या बाजूने कमी झाला. आडत टक्क्यांत असते. माल स्वस्त गेला तर तीही घटते. मोटारभाडे आणि हमाली मात्र डागावर किंवा वजनावर असतात. समजा, वीस किलो टोमॅटोच्या एका क्रेटमागे भाडे आणि हमाली मिळून पन्नास रुपये पडतात. क्रेट पाचशेला गेली तर हा दहावा हिस्सा. शंभरला गेली तर निम्मा. साठला गेली तर हातात दहा रुपये, आणि तोडणीच्या बायकांची मजुरी अजून द्यायची आहे. म्हणून भाव पडला की लोक टोमॅटो रस्त्याच्या कडेला ओततात, उभ्या वावरात जनावरे सोडतात. टीव्हीवर तो संताप म्हणून दिसतो. संताप असतोच, पण त्याखाली साधा हिशेब असतो: माल बाजारात नेला तर तोटा वाढतो.

हमालीवर खापर फोडणे सोपे आहे. मला ते पटत नाही. पाठीवर गोणी वाहणाऱ्या माणसाला कामाची हमी, भविष्य निर्वाह निधी आणि उपचार मिळावेत यासाठी अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी मुंबईत आणि बाबा आढावांनी पुण्यात आयुष्य घातले. त्यातून १९६९ चा माथाडी कायदा उभा राहिला. गोणी पन्नास किलोपेक्षा जड नको ही माथाडींची मागणीही माणसाच्या मणक्याशी निगडित आहे. बाजारात उतरलेल्या प्रत्येक डागाला कुणाची तरी पाठ लागते, आणि त्या पाठीचा दाम कमी करून शेतकऱ्याचे भले होणार नाही.

आता गाडीबरोबर थोडे जाऊ. जुन्नर तालुक्यात ओतूर, आळेफाटा या भागात पिकणारी भाजी मुंबईसाठी निघते ती संध्याकाळी. दुपारपर्यंत तोडणी, मग निवडणे, भरणे. पाच-साडेपाचला पिकअप वस्त्यांवरून फिरू लागते. कुणाच्या चार क्रेट वांगी, कुणाच्या दोन गोण्या काकडी, कुणाच्या दोनशे जुड्या मेथी. प्रत्येक डागावर जाड पेनाने शेतकऱ्याचे नाव आणि गाळ्याचा नंबर, नाहीतर वर खोचलेली चिठ्ठी. ड्रायव्हरच्या वहीत तेच पुन्हा. "दादा, काल काय निघाली वांगी?" हा प्रश्न त्याला दर वस्तीवर विचारला जातो, आणि त्याच्या उत्तरावर उद्याची तोडणी ठरते. दुसऱ्या दिवशी पट्टी, पैसे आणि रिकाम्या क्रेट घेऊन परत येणारा हाच माणूस. कित्येक शेतकऱ्यांनी आपल्या आडत्याचा गाळा वर्षानुवर्षे पाहिलेला नसतो. बाजाराशी त्यांचा संबंध या ड्रायव्हरपुरता. गावाच्या अर्थकारणात इतक्या विश्वासाचे काम करणाऱ्या या माणसाची नोंद कुठल्याच योजनेत नाही, हे मला नेहमी खटकते.

पिकअपमध्ये दीड टनाच्या आसपास माल बसतो. ती भरली तर गाडीवाल्याला परवडते. नाही भरली तर तो आणखी दोन वस्त्या फिरतो, आणि तिथे वेळ जातो. रात्री माळशेज घाट उतरून मुरबाड, कल्याणमार्गे वाशी गाठायची. वाशीचा भाजीपाला बाजार मध्यरात्रीनंतर जागा होतो. उपनगरांतले किरकोळ विक्रेते अंधारातच माल उचलून लोकल किंवा टेम्पोने परततात, कारण त्यांना सकाळी आपापल्या नाक्यावर बसायचे असते. गाडी दोन तास उशिरा पोचली की चांगले गिऱ्हाईक निघून गेलेले असते, आणि तोच माल पडत्या भावात जातो. पावसाळ्यात घाटात दरड आली, पुढे ट्रेलर आडवा झाला, तर रात्रच वाया. उशीर वाटेत होतो. तो पट्टीवर मात्र खर्चाच्या रकान्यात दिसत नाही, भावाच्या रकान्यात दिसतो. परत येताना गाडी रिकामी आली तर त्या डिझेलचा भारही जातानाच्या भाड्यात धरलेला असतो. म्हणून परतीला पेंड, खत, किराणा मिळवणारा गाडीवाला इतरांपेक्षा कमी भाडे लावू शकतो.

या प्रवासात मालाला काय होते ते समजून घेण्यासारखे आहे. तोडलेली भाजी जिवंत असते. ती श्वास घेते, आतली साखर जाळते आणि उष्णता बाहेर टाकते. तापमान दहा अंशांनी वाढले की श्वसनाचा वेग साधारण दुपटी-तिपटीने वाढतो. भर उन्हात तोडलेले टोमॅटो शेतातली उष्णता अंगात घेऊनच गाडीत चढतात; वर ताडपत्री घट्ट बांधली की आतला माल स्वतःच्याच उष्णतेने तापत जातो. मेथी-कोथिंबिरीच्या ढिगात हात घालून पाहिले तर मधला थर चक्क कोमट लागतो, आणि पहाटे जुडी सोडल्यावर पिवळी पाने निघतात ती तिथलीच. शिवाय पिकणारी फळे इथिलीन वायू सोडतात. पिकते टोमॅटो किंवा केळी यांच्या शेजारी काकडी आणि पालेभाजी ठेवली तर ती लवकर पिवळी पडते. सगळ्यांचा माल एकाच पिकअपमध्ये जातो तेव्हा हे पथ्य कोण पाळणार?

दुसरा मार हादऱ्यांचा. सर्वांत खालच्या क्रेटमधला माल वजनाने दबतो, हे सहज कळते. पण सर्वांत वरच्या थरातला मालही खराब होतो, कारण थप्पीच्या माथ्यावर हादरे जास्त बसतात आणि वरचे फळ मोकळे असल्याने उडून एकमेकांवर घासते. मागच्या चाकांवरचा भाग त्यातही वाईट. टोमॅटोवर उतरताना डाग दिसत नाही. आत पेशी फुटलेल्या असतात, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो भाग मऊ पडून पाणी सुटते. तोवर फळ ग्राहकाच्या टोपलीत गेलेले असते. बांबूच्या करंड्या आणि लाकडी खोकी जाऊन प्लास्टिकच्या क्रेट आल्या, हा गेल्या काही दशकांतला मोठा आणि फारसा न बोलला गेलेला बदल आहे. क्रेटची थप्पी एकमेकींच्या कडांवर बसते, भार फळांवर येत नाही, आणि बाजूच्या जाळीतून हवा खेळते. मात्र ती काठोकाठ शिगेला भरली की हा सगळा फायदा संपतो. चार फळे जास्त बसवण्याच्या मोहात वरची क्रेट थेट टोमॅटोवर टेकते.

लुधियानाच्या केंद्रीय काढणीपश्चात अभियांत्रिकी व तंत्रज्ञान संस्थेच्या २०१५ च्या अहवालात टोमॅटोची नासाडी १२.४४ टक्के, कांद्याची ८.२० टक्के आणि पेरूची सर्वाधिक, १५.८८ टक्के दिली आहे. यात काढणी, निवड, साठवण, वाहतूक सगळेच आले. म्हणजे टोमॅटोच्या आठ क्रेटमधली एक कुठेतरी वाटेत जाते. ती पिकवायला लागलेले पाणी, खत, मजुरी पूर्ण लागलेली असते.

थंड गाडी हा उपाय सगळे सुचवतात. द्राक्षांनी तो करून दाखवला. नाशिकची निर्यातीची द्राक्षे तोडल्यावर काही तासांत प्रीकूलिंगच्या खोलीत जातात, शून्य अंशाच्या जवळपास आणली जातात आणि मग तशाच थंड कंटेनरमधून न्हावाशेव्यावरून युरोपला, समुद्रात आठवड्यांचा प्रवास करून, ताजी पोचतात. पण द्राक्षांचे पथ्य सगळ्यांना लागू नाही. केळी तेरा अंशांखाली नेली तर साल काळवंडते, कच्च्या टोमॅटोलाही फार थंडी बाधते. आणि मुख्य म्हणजे दहा रुपये किलोच्या भाजीला थंड गाडीचे भाडे सोसत नाही. तिच्यासाठी पहाटे तोडणी, लगेच सावली, पालेभाजीवर ओले गोणपाट आणि रात्रीचा प्रवास हेच खरे शीतकरण, आणि ते फुकट आहे.

आतापर्यंत पैशाचे आणि नासाडीचे झाले. यापेक्षा मोठी गोष्ट आहे ती घासाघिशीची. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याचा ट्रॅक्टर लिलावाच्या रांगेत उभा असतो. व्यापारी ट्रॉलीवर हात फिरवून, वरचा थर उलटून बोली लावतात. भाव पुकारला जातो, शेतकरी ट्रॅक्टर व्यापाऱ्याच्या खळ्यावर नेतो. तिथे कांदा ओतताना कधी कधी वांधा निघतो: खालचा माल हलका आहे, दुभाळका जास्त आहे, भाव कमी करा. बाजार समितीत दाद मागता येते, मागितली जातेही. पण त्या घडीला शेतकऱ्याची अवस्था काय असते? डिझेल जळलेले, दिवस मोडलेला, कांदा अर्धा ओतलेला. परत भरून घरी न्यायचा तर पुन्हा मजुरी, पुन्हा डिझेल. समोरच्याला हे पक्के ठाऊक असते. माल गाडीत चढला त्या क्षणी "नाही" म्हणण्याची शेतकऱ्याची ताकद निम्मी झालेली असते, आणि भाजी असेल तर पूर्णच संपलेली असते, कारण वाशीहून परत आणलेली मेथी कुणाला विकणार? वाहतुकीचा खर्च पट्टीवर लिहिलेला असतो. या गेलेल्या ताकदीची किंमत कुठेच लिहिलेली नसते, आणि माझ्या मते तीच सर्वांत मोठी आहे.

वाहतूक सुधारते ती कुणाच्या गरजेसाठी, हेही पाहावे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वऱ्हाडातला कापूस बैलांच्या पाठीवर लादून शेकडो मैल जात असे. एक वाट मुंबईकडे, दुसरी मिर्झापूरकडे. पाऊस, धूळ आणि रोजचे लादणे-उतरवणे यांत कापूस मळकट आणि ओला होऊन पोचे. १८३० मध्ये बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे वर चढली. मधल्या काळात अमेरिकेत यादवी पेटली होती, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना, आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी महत्त्व आले. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेची खास शाखा गेली. पुढे मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी, लोक जिला प्रेमाने शकुंतला म्हणतात ती अरुंद रुळांची गाडीही कापसासाठीच टाकलेली.

आणि बार्शी. एव्हरर्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. रूळ अवघे अडीच फूट रुंदीचे. सगळ्या डब्यांच्या आणि इंजिनांच्या आसांवरचा भार पाच टनांच्या आत ठेवायचा, म्हणजे हलके रूळ आणि हलके पूल चालतील, खर्च कमी येईल आणि तरीही भरपूर माल जाईल, असे त्याचे गणित. ते इतके जमले की जगभरचे अभियंते बार्शीचे नाव घेऊ लागले. १९११ मध्ये ही गाडी लातूरला पोचली आणि निजामाच्या मुलखातले धान्य, कापूस, गळित बाजाराशी जोडले गेले. एके काळी शेतमाल स्वस्तात कसा न्यावा याचा धडा जिथून जगाने घेतला, त्याच तालुक्यातले ते दोन रुपये ४९ पैसे होते. कापसाला रूळ मिळाले कारण दूरच्या गिरणीला तो हवा होता. वांग्यांसाठी, मेथीसाठी कुठल्या गिरणीने आग्रह धरला नाही.

अलीकडे रेल्वेने एक मनापासूनचा प्रयत्न केला तो किसान रेलचा. पहिली गाडी ७ ऑगस्ट २०२० रोजी देवळालीहून बिहारमधल्या दानापूरला निघाली. १,५१९ किलोमीटर अंतर, वेळ सुमारे ३२ तास. मनमाड, जळगाव, भुसावळ, इटारसी, जबलपूर अशी वाटेत माल चढवण्या-उतरवण्याची सोय. तिची सर्वांत चांगली गोष्ट म्हणजे किमान मालाची अट नव्हती. पूर्ण डबा भरायची ऐपत नसलेल्यालाही चार पेट्या पाठवता आल्या. ऑक्टोबर २०२० पासून फळे-भाजीपाल्याच्या भाड्यात निम्मी सवलत मिळाली. सांगोल्याच्या डाळिंबांनी या गाडीचा चांगला लाभ घेतला. देशातली शंभरावी किसान रेल २८ डिसेंबर २०२० ला सांगोल्याहूनच पश्चिम बंगालमधल्या शालिमारला निघाली. पुढे सवलती आटल्या तशा गाड्याही रोडावल्या. ज्यांनी त्या गाडीच्या भरवशावर बिहार-बंगालचे गिऱ्हाईक जोडले होते, त्यांचे हे नुकसान मला फार वाईट वाटते. गिऱ्हाईक जोडायला दोन हंगाम लागतात आणि एका चुकलेल्या गाडीने ते तुटते.

लांब पल्ल्याला रेल्वे स्वस्त पडते यात शंका नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्राने साठ्यातला कांदा नाशिक जिल्ह्यातून दिल्लीला मालगाडीने नेला, सुमारे १,६०० टन. तेव्हा सरकारने दिलेला हिशेब असा: ५६ ट्रकांचा माल एका रेकने नेला तर ७०.२० लाख रुपये, रस्त्याने सुमारे ८४ लाख. रावेर, सावदा भागातली केळी तर कित्येक वर्षे रेल्वेने उत्तरेत जात आली आहेत. पण रेल्वेसाठी माल आधी स्टेशनवर आणावा लागतो आणि पलीकडे पुन्हा ट्रकात चढवावा लागतो. प्रत्येक चढ-उतारीला हमाली वाढते आणि फळाला मार बसतो. कांदा हे सोसतो, टोमॅटो सोसत नाही. जुन्नर ते वाशी एवढ्या अंतराला रस्त्यावाचून पर्याय नाही, आणि आपल्या बहुतेक भाजीचा प्रवास एवढाच असतो.

मग करायचे काय? दुधाने वाट दाखवलेली आहे. दोन म्हशी असलेल्या माणसाचे दहा लिटर दूध शहरात जाते ते गावातल्या संकलन केंद्रामुळे. तिथे ते मोजले जाते, बल्क कूलरमध्ये चार अंशांवर येते आणि टँकर ठरल्या वेळी भरून जातो. भाजीला असे केंद्र हवे. एका छपराखाली गावाचा माल एकत्र आला, प्रतवारी तिथेच झाली, हलका माल तिथेच बाजूला पडला, तर न विकणाऱ्या मालाचे भाडे तरी वाचते. गाडी वस्त्या फिरत बसत नाही, वेळेवर सुटते. आणि एका मार्क्याचा पूर्ण गाडीभर माल असेल तर निघण्याआधी दोन-तीन बाजारांत फोन करून भाव विचारता येतो. सहा क्रेटवाल्या शेतकऱ्याचा फोन कोण घेतो? शेतकरी उत्पादक कंपन्यांना कायद्याने जागा मिळून वीस वर्षांवर झाली. नाशिक जिल्ह्यात मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने हे मोठ्या प्रमाणावर उभे केले आहे. बाकी बऱ्याच कंपन्या खते-औषधांच्या विक्रीपलीकडे गेल्या नाहीत, आणि त्यांनी पहिले काम गाडीचे हाती घ्यावे असे मला वाटते.

त्याच्याही आधी एक टप्पा आहे, वावर ते डांबरी. अंतर अर्धा-पाऊण किलोमीटर. पावसात तिथे गुडघाभर चिखल होतो, पिकअप येत नाही, आणि तोडलेल्या क्रेट बायका डोक्यावरून वाहून आणतात. ऊस असेल तर ट्रॅक्टर फसतो आणि दुसरा ट्रॅक्टर लावून ओढावा लागतो. हमरस्ता चार पदरी झाला तरी हा तुकडा तसाच राहतो, कारण तो बहुधा नकाशावरच्या पाणंदीतून किंवा शेजाऱ्याच्या बांधावरून जातो आणि तिथे अतिक्रमण नाहीतर भाऊबंदकी आडवी येते. कायदा मात्र जुना आहे आणि शेतकऱ्याच्या बाजूचा आहे. वहिवाटीचा रस्ता कुणी अडवला तर १९०६ च्या मामलेदार न्यायालय अधिनियमाच्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दाद मागता येते. मुळात रस्ताच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून वाट मागता येते. अर्ज झाल्यावर स्थळपाहणी होते, शेजाऱ्यांचे म्हणणे ऐकले जाते, आदेश निघतो. रस्ता प्रत्यक्ष मोकळा व्हायला पुष्कळदा आणखी काळ जातो, आणि जमीन विकली गेली की नवा मालक तो पुन्हा नांगरतो. २०२५ मध्ये शासनाने शेतरस्त्याची नोंद सातबाऱ्यावर इतर हक्कांत घ्यायचे ठरवले ते याचसाठी: नोंद असली की रस्ता जमिनीबरोबर पुढच्या मालकाकडे जातो. तेव्हा ज्यांच्याकडे जुना आदेश कपाटात पडून आहे, त्यांनी तो घेऊन पावसाळ्याआधी तलाठ्याकडे जावे आणि नोंद झाल्याचा नवा उतारा हातात घेऊनच परत यावे.